डावा गाल

प्रिय समी,

पत्र बघून घाबरू नकोस गो. बाप जिवंत आहे, हात धड आहेत, अक्षर पण पूर्वीसारखंच कोंबडीच्या पायाचं आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आमचे जावई हरेशराव विचारतील. त्यांना सांग, म्हाताऱ्याला हुक्की आली. श्रावणापासून तू व्हिडिओ लावतेस आणि मी उचलत नाय, रेंज नाय म्हणून नुसता मेसेज टाकतो. तू रागावलीस ते बरोबरच आहे. मुरबाडच्या बाजारपेठेत रेंज नाय, हे शेंबडं पोर पण मानायचं नाय. मागच्या मेसेजात तू लिहिलंस की दिवाळी झाली की येते, लाकूड कातायचा लेथ विकून टाकते आणि तुमाला नाशिकला घेऊन जाते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाय. का ते सगळं सांगतो, पण माझ्या चालीने सांगू दे.

काम चालू आहे. शहापूरचा शेखर अजून माल नेतो आणि ऑनलाइन विकतो. लोकांना परत दाढीच्या लाकडी ब्रशाचं वेड लागलंय म्हणे. प्लास्टिक आलं तेव्हा मला पोळपाट-लाटणी कातायची पाळी आली होती, आठवतं ना? आता डोळखांबचा धोंडी मोडक्या बैलगाड्यांच्या चाकांचे आरे आणून देतो. जुनं बाभळीचं लाकूड. लेथवर धरलं की आधी खूप कुरकुर करतं आणि मग सरळ वागतं, तुझ्या आत्यासारखं. मूठ काय, मी डोळे मिटून कातीन. पण नुसती मूठ म्हणजे ब्रश नव्हे, खरा ब्रश केसांत असतो.

तुझी आई जनावरांचे केस विंचरून गुच्छ बांधायची. तू शाळेतून आलीस की मी तुला ओट्यावर बसवायचो आणि एकेक गुच्छ तुझ्या गालावरून फिरवायचो. डुकराच्या केसांचा असला की नाक मुरडायचीस. घोड्याच्या शेपटीचा असला की खांदा उडवायचीस. आयाळीचा मऊ असला की डोळे मिटून घ्यायचीस आणि मग तो गुच्छ शिसवाच्या मुठीत जायचा. डुकराचा पण आमी कधी फेकला नाय. रोज पाण्यात भिजून त्याची टोकं फुटतात आणि पुढे तोच सगळ्यात गोड लागतो. तू म्हणायचीस, बाबा, डुक्कर शहाणं झालं! मग आई गेली, तू लग्न होऊन कसाऱ्याचा घाट चढलीस. आता गुच्छ तयार येतात, शेखर खोकी आणून देतो. पण खोक्यावर लिहिलेलं खरं असतंच असं नाय, गाल लागतोच. म्हणून मी माझा डावा गाल वापरायला लागलो. उजवा लहानपणी पेजेने भाजलेला, त्याची कातडी जाड, तिथे काय कळत नाय. तू सुद्धा पापी नेहमी डाव्याच गालाची घ्यायचीस.

संध्याकाळी लेथ बंद केला की घर एकदम गप्प होतं. म्हणून कधीकधी काम नसलं तरी मी मोटर तशीच फिरत ठेवतो. बिल येतं, येऊ दे. शेजारची भिमीकाकू वाटीभर भाजी आणून देते आणि दारातूनच मला हसते. कारण मी दाढी वाढवलीय गो. ती म्हणते, दाढीचे ब्रश करणाऱ्याच्या तोंडावर रान माजलंय, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! मी म्हटलं, सिद्धगडावर जाऊन साधू होणार आहे, तुझ्या भाजीचा नैवेद्य तिकडे पाठव. ती पोट धरून हसली आणि गेली. तेवढंच काय ते दिवसभराचं बोलणं.

गणपतीत शेखर पिशवी घेऊन आला. ब्रश परत आले होते. मऊ म्हणून पाठवलेले, आणि गिऱ्हाइकं म्हणतात की हा खराटा आहे. शेखर चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, काका, तुमी मूठ तेवढी करा, गुच्छ मी निवडतो. तो काय निवडणार कपाळ! त्याच्या गालाला मोबाइलशिवाय दुसरं काय माहीत आहे? पण मी पिशवी ठेवून घेतली. प्रत्येक गुच्छ मी स्वतः गालावरून फिरवला होता समी. मला सगळेच मऊ लागले होते.

श्रावणात एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात बघितलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं. धोंडी लाकूड घेऊन आला होता, त्यानेच मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. कोणाला सांगायचं नाय, अशी मी त्याला शपथ घातली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीकशी गुठळी होती, थोडक्यात निभावलं. गोळ्या चालू आहेत, एक पण चुकवत नाय. हातपाय ठणठणीत. बोलताना शब्द जरा सांडतात. डाव्या गालाला मात्र काय लागतच नाय, ना केस, ना माशी. दाढी वाढवली ती वाकडं तोंड झाकायला, आणि व्हिडिओ पण त्याच्यासाठीच उचलला नाय. तू बघितलं असतंस तर त्याच दिवशी घाट उतरून आली असतीस आणि लेथ गेला असता. तुझ्या घरी मला काय कमी पडणार नाय, हरेशराव सोन्यासारखे आहेत. पण तिथे सोफ्यावर बसून मी कातू काय?

आता या पत्रासोबतच्या पार्सलाचं. आत तीन खोक्यांतले तीन गुच्छ आहेत, एकाला लाल दोरा, एकाला पिवळा, एकाला हिरवा. कुठला कसला, ते मला कळत नाय. शेखरला दिवाळीआधी ब्रश हवेत आणि मला ते त्याच्या गालाने निवडलेले नकोत. रविवारी सकाळी व्हिडिओ लाव. मी दाढी काढून बसतो, जे आहे ते बघून घे. तू एकेक गुच्छ गालावरून फिरव. तोंडाने काय सांगू नकोस, फक्त फोन जवळ धर आणि मला तुझा चेहरा दिसू दे. नाक मुरडतेस का डोळे मिटतेस, ते मी ओळखीन. फार एकटं वाटतं गो इथे. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. नाशिकचं काय ते त्यानंतर बोलू, मी ऐकून घेईन. पण आधी गुच्छ, मग हवं तेवढं रड.

तुझाच,
वाकड्या तोंडाचा बाबा