पडद्यामागून दिसलेला डावरा

प्रिय आक्का,

तू गेलीस त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. एवढ्या वर्षांत तुला लिहावं असं कधी वाटलं नाही. काल मात्र तुझा तो सिनेमातला बंडखोर पुन्हा दिसला आणि तेव्हापासून तू घरातून हलत नाहीस.

माझ्या नातीनं, तन्वीनं, टीव्हीवर जुना इंग्रजी सिनेमा लावला होता. तेच उंच बूट, तीच टोकदार मिशी. त्यानं तलवार उपसली आणि मी म्हणाले, "उलटं लागलंय गं, सरळ कर." तलवार त्याच्या उजव्या हातात होती!

आठवतं ना? दुष्काळाचं वर्ष. दिवसभर खडी फोडायची आणि बाजारच्या दिवशी मुरुडला तंबूत सिनेमा. पुरुष पडद्यासमोर, आपण बाया पडद्यामागं. तू माझं मनगट आवळलंस. "कमळे, बघ की. त्यो बी डावराच हाय."

मागून सगळं उलटं दिसतं, हे मला काल कळलं. तुला कधीच कळलं नाही.

तोवर तू डाव्या हातानं वाढायला लागलीस की आई पळी काढून घ्यायची. मुकादम तुला ओळीच्या टोकाला बसवायचा. पडद्यावर तर सगळे गोरेपान. आपल्या रंगाचा एकच, राजाला वारा घालणारा, तोंडात एक शब्द नाही. बाई एकच, तीही खिडकीत उभी. एवढ्या गर्दीत आपलं म्हणावं असं तुला काय सापडलं, तर तो हात.

मग तू कुणाचं ऐकलंस? लोहाराकडून उलट्या धारेचा विळा करून घेतलास. बघायला आलेल्यांपुढं चहाचा कप डाव्या हातानंच धरलास. पाहुणे उठून गेले. अप्पा ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं?" तू म्हणालीस, "त्येच्यावर राजाची पोरगी जीव टाकती, मग माझंच काय वाईट हाय?"

हदगावला दिलं ते तुझं डावरेपण लपवूनच. सासू डावा हात पदरानं कमरेशी बांधून ठेवते, हे तू हसत हसत सांगायचीस. हसायचीस कशाला गं? तापानं गेलीस तेव्हा तुला आंघोळ घालताना मी डाव्या मनगटावरचा तो वळ पाहिला. अजून दिसतो मला.

तुझा विळा सासरी नेऊ दिला नाही, तो माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे. कुणाच्याच हाताला बसत नाही. कालपासून त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापवत नाही मला. वाटतं, मागून विचारशील, "खरं सांग, त्यो कंच्या हाताचा व्हता?"

तन्वी डावरी आहे, आक्का. आज दुपारी सून तिची पेन्सिल काढून उजव्या हातात देत होती. पोरीनं डावा हात आपणहून मांडीखाली दाबून धरला. ते बघताना माझं मनगट कुणीतरी आवळलं. ती पकड मी ओळखते.

सुनेशी बोलेन, भांडावं लागलं तर भांडेन. या घरात तो हात कुणी बांधणार नाही, हा माझा शब्द. तन्वीला तो सिनेमा मी कपाटाच्या आरशात दाखवीन. टीव्हीत तो उजव्या हाताचा का, असं तिनं विचारलंच, तर सांगेन की ती पुरुषांची बाजू. आपल्या बाजूनं तो डावराच होता.

तुझी,
कमळी