ठणठणीत दिसणाऱ्यांची तपासणी

ता. ४, सोमवार

चि. खारूस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तर आज दारात आली तुझी आत्या, मागून पिशव्या सावरत तिचा लेक, आपला ढोल्या. मला इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध उतू गेलं. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तुझ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या हृदयाचा स्नायूच जन्मापासून दुबळा, तरी ते चाकावर भरभर पळतात. पण भूल देऊन, छातीचे केस काढून मशिनीवर बघितलं की दुखणं आधीच कळतं, आणि तेव्हाच औषध दिलं तर हृदय टिकतं. जोडाक्षरांना अडखळले, ढोल्या हसला. हसू दे. केस काढल्यावर त्यांना थंडी वाजते का गं? हल्ली फळीवर उंदरांसाठी पिंजरा लावताना माझाच हात अडतो.

आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली. तुझे बाबा, तिचा भाऊ, असेच हिंडते-फिरते असताना हृदय बंद पडून गेले. म्हणाली, आम्ही दोघं तपासून घेतो. मग तुझं काय? तू घेतलंस का तपासून? लगेच कळव.

माया आहेच, तू फक्त जेवत जा.
तुझी आजी

ता. ९, शनिवार

ती. आजीस,
पायांवर डोकं. वि. वि.

थंडी नाही वाजत. उंदरांच्या खाली गरम पाटी असते, छातीला लावायचं जेलही कोमट करतो. काल एक चावला मला. कामाचा डोंगर आहे, कारण इथे मीच नियम लावलाय: दिसायला ठणठणीत आहे म्हणून एकही उंदीर सोडायचा नाही. तेच तर हातचे जातात. डोळे मिटले तरी पडद्यावरची हृदयं हलत राहतात.

मला काही होत नाही गं. जिने धावत चढते. मग बघू. ढोल्याचं काय झालं?

लोभ असू दे, रागासकट.
तुझी खारू

ता. १४, गुरुवार

चि. खारूस,
आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. वि. वि.

आज दोघं रिपोर्ट घेऊन दारात. दुखणं दोघांनाही आहे, पण अगदी सुरुवातीचं. गोळ्या सुरू झाल्या, धावपळ बंद. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आत्या आधी रडली, मग दोन कप चहा प्यायली. ढोल्या म्हणतो, आजी, मी तुझ्या नातीचा उंदीर झालो. या घरात पहिल्यांदाच दुखणं वेळेत सापडलं, मी खूश होऊ नको तर काय करू?

तुझं पत्रही वाचून दाखवलं. जिने धावत चढते, हे ऐकून ढोल्या म्हणाला, "मीसुद्धा चढायचो."

नियम तुझा, आणि सुटलीस तूच. भीती वाटत असेल तर तसं लिही, मलाही वाटते. आत्याने त्याच डॉक्टरांकडे तुझा नंबर लावलाय. मशिनीपाशी तुझा हात धरायला मी बसणार.

जीव लावून आहे, तूही लाव.
तुझी आजी

ता. क. दोघं आत्ताच गेले. गाडी घेऊन परत येणार आहेत, मला बसवून तुझ्या दारात, तिथून डॉक्टरांकडे. सोमवारी, सकाळीच.