नाल्याकाठचा पाचोळा

आप्पा, नाल्याकाठची आपली झाडी अजून उभी आहे, हे आधी सांगते. बाकीचं सावकाश. तुम्ही गेल्यावर या अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आले तेव्हा भावाने जेसीबीवाल्याला सांगून ठेवलं होतं. करवंदीच्या जाळ्या, बोरी, बांबू, सगळं उपटायचं आणि ऊस थेट नाल्यापर्यंत न्यायचा. पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना हाकेच्या अंतरावर, भावाला उसाशिवाय दुसरं काय दिसणार म्हणा.

मला मात्र तुम्ही दिसत होतात. सगळं गाव बांध जाळून साफ करायचं आणि तुम्ही तिथल्या पाचोळ्याला काडी लावू देत नव्हतात. लहानपणी एकदा मी खराटा घेऊन गेले, तर तो हातातून काढून घेतलात. "आंडेर येस तवय आंगन झाडतस. हाऊ पाव्हना येस तवय झाडानं नही." लेक येते तेव्हा अंगण झाडतात, या पाहुण्यासाठी झाडायचं नाही, असं तुमचं. अखाजीचे झोके उतरले, आत्या सासरी परतल्या, की काही दिवसांनी तो दक्षिणेकडून यायचा. नवरंग पक्षी. आपण दोघं बांधावर उकिडवे बसलोय. तो पाचोळ्यात टुणटुण उड्या मारतोय, पान उलटून किडा टिपतोय. पाठ हिरवी, खांद्यावर निळं, शेपटीखाली लाल. मग मान वर करून दोन सुरांची शीळ घालतो. तुमचा हात माझ्या गुडघ्यावर, म्हणजे हलायचं नाही.

तर या अखाजीला भावाने हक्कसोडीचा कागदही पुढे ठेवला. लेकींनी सही करायची आणि माहेर राखायचं, आपल्याकडची रीतच ती. मी म्हटलं, करते, पण नाल्याकाठची पट्टी सोडून.

भाऊ म्हणाला, "ताई, आखा गावमा कोन्ही आंडेरनी वाटा मांगा शे का?"

"मी मांगी ऱ्हायनी," मी म्हटलं.

वहिनीने चहाचे कप उचलले. निघताना पुढच्या अखाजीला ये, असं कुणी म्हणालं नाही. वाईट वाटलं, फार वाटलं. पण सही केली नाही ती नाहीच, आणि जेसीबीही आला नाही.

काल शहाद्याहून पहिल्या एसटीने गेले. घराकडे न वळता सरळ बांधावर जाऊन बसले. शीळ ऐकू आली. पाचोळा तसाच होता.

हे पत्र घडी करून पर्समध्येच ठेवणार आहे, म्हणून कबूल करते. पाखरासाठी अडून बसले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नाही. पण आप्पा, माहेरात मला एक जागा अशी हवी होती, जिथे यायला कुणाच्या बोलावण्याची वाट बघावी लागणार नाही.