बांधावरची कंबरमोडी

३ सप्टेंबर
खामगावच्या कॉलेजातून नातीचा, पूनमचा फोन. प्रोजेक्टसाठी कंबरमोडीचा पाला पाहिजे. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधोमध पाल्याचा अर्क टाकायचा. जंतू मेले की भोवती स्वच्छ गोल उमटतो म्हणे. अट एकच : पाला रानातला, फवारणी न लागलेला. म्हटलं, बाई, जखमांवर हा पाला चोळता चोळता माझी हयात गेली, तू निर्धास्त राह्य. उद्या पहाटे पाचला टेकडी. पक्कं.

४ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
उशीर झाला. गुडघाही कुरकुरला. शेताच्या बांधावर कंबरमोडी मस्त माजलेली, तीच तोडली. बांध म्हणजे तरी काय, रानच. परवा करप्याचं औषध मारलं, पण ते कपाशीवर. वारा उलटा होता. बहुतेक.
अन्नपूर्णा म्हणे, तुमचा गुडघा पारावर जायले बरा चालते, टेकडीनंच काय घोडं मारलं?
बायकोला शास्त्र कळत नाही.

२१ सप्टेंबर
पूनमनं फोटो पाठवला. गोल केवढा! आबा, तुमचा पाला म्हणजे सोनं, म्हणे. पारावर सगळ्यांना दाखवला. कडूबा म्हणे, रंग्या, तू तं डाक्टरचाही बाप निघाला बे!
घरी येऊन सहज औषधाचा डबा वाचला. त्यावर 'जिवाणूनाशक' लिहिलंय. जेवण गेलं नाही. सोमवारी सांगतो.

२३ सप्टेंबर, सोमवार
फोन केला. पोरगी इतकी खुशीत की मला सांगवेना. पाला धुतलाच असेल तिनं. शिकलेली आहे.

५ ऑक्टोबर
मॅडमनं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. या वेळी तिची मैत्रीण काजल हिनं टेकडीवरून पाला आणला. गोल उमटलाच नाही. टेकडीवरची जमीन मुरमाड. पाल्यात दम नसेल.

९ ऑक्टोबर
तिसऱ्यांदाही नाही. सूनबाई म्हणे, पोरगी धड जेवून नाही राह्यली, शनिवारी प्रोजेक्ट द्यायचा आहे. उद्या नक्की सांगतो.

१० ऑक्टोबर
बाजार होता.

११ ऑक्टोबर
पूनम घरी आली. हात दाखवले. साबणानं अन् स्पिरिटनं सालटं निघालेली. म्हणे, आबा, माह्याच हातात काही खोट आहे, कितीही धुतले तरी बशी बिघडते.
मग सांगितलं. सगळं. वाऱ्याचंही.
रागावली असती तं बरं झालं असतं. नुसती म्हणे, अन् मी माहेच हात खरडत बसली. मग मॅडमला फोन लावून पहिल्यापासून करायला पंधरा दिवस मागून घेतले. पाला चुकीच्या जागचा आणला म्हणे, मीच. माझं नाव काही घेतलं नाही.

१२ ऑक्टोबर, पहाटे पाच
बरोब्बर उठलो. चपला घातल्या, पिशवी घेतली. पूनम दारात उभी. म्हणे, आबा, पिशवी द्या. दिली. तुम्ही निजा, म्हणे.
टेकडीकडं गेली, एकटीच. चपला घालूनच लिहून राह्यलो.