बाबांची पावाची सुरी

स्ट्रासबुर्ग, नोव्हेंबर

आई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. पाद्रीबाबांकडून लिहवून घेतलेलं तुझं पत्र पोचलं.

मी जनरल झालो, हे कळवलं होतं. सरायीत घोड्यांची लीद काढणारा तुझा पोरगा आज चार रेजिमेंटींचं घोडदळ हाकतो. तुझं उत्तर काय? ‘बरं झालं. आंसेल्मच्या गाईला जुळं झालं.’ पुढे पानभर आंसेल्मच! दादाने छप्पर शाकारलं, दादाने सफरचंदाची दारू गाळली. आणि मी मैदान मारलं, त्याचं काहीच नाही?

बाबा गेल्यावर पाव कापायची सुरीही त्यालाच मिळाली. थोरला ना तो! जेवताना पहिला कडक तुकडा कुणाला द्यायचा, हे तोच ठरवणार. माझ्या कमरेला सोन्याच्या मुठीची तलवार आहे, तरी ती सुरी माझ्या डोळ्यांत सलते.

अक्षर वाकडंतिकडं आहे असं पाद्रीबाबा म्हणतील. घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहायची सवय करतोय. थंडीत तुझे गुडघे दुखतात का गं?

नाताळला घरी येतोय, कायमचा. सुरी राहू दे दादाकडेच. फक्त त्याला सांग, पहिला तुकडा मला कापून द्यायचा. मला आता कापता येत नाही.

तुझाच,
गास्पार