अल्माझचा प्रबंध, बापाच्या नावावर

१४ सप्टेंबर, रविवार

तिलाच दिलं! चौदा वर्षं मी आखातातल्या या सखीरच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करतेय, आणि इथिओपियाचं काम मिळालं तेजस्वीला. येऊन चार महिने झालेत तिला. प्रोबेशनसुद्धा संपलेलं नाही.

आमच्या प्रमुख झोहरा मॅडम आठवड्याच्या पहिल्याच दिवशी मीटिंगमध्ये म्हणाल्या, "तिथल्या युनिव्हर्सिटीचे नऊ हजार प्रबंध स्कॅन झालेत, पण शोधायची सोय नाही. मुलं कपाटांपुढे रांगा लावतात. तेजस्वी त्यांच्यासाठी फोनवर चालणारी लायब्ररी करेल. पुढे कुणीतरी एक जण महिनाभर तिथे जाऊन राहील." एक जण म्हणजे कोण, ते सांगायला ज्योतिषी नको.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात.

१५ सप्टेंबर

नवऱ्याला सांगितलं. गुरुप्रसाद म्हणे, "अगं, नव्या पोरांना ते डिजिटल जमतं. तुझं काय अडलंय त्यात?" अडलंय! त्याच्या आमटीत मीठ घालायचं राहिलं. मुद्दाम नाही, पण बरं वाटलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काम चांगलं करते मेली. हे इथेच लिहिते, तोंडाने म्हणणार नाही. तिकडे नेट सारखं जातं, म्हणून तिने सगळे प्रबंध एका छोट्या सर्व्हरमध्ये भरले. नेट नसलं तरी लायब्ररीच्या आवारात कुणाच्याही फोनवर उघडतात! साध्या फोनवर सर्च अडकायला लागला, तर तो सरळ काढून टाकला आणि लेखकांची ए टू झेड यादी ठेवली. मला हे सुचलं असतं? नसतं. म्हणून तर अंगाचा तिळपापड होतो.

वर पुन्हा ताई, ताई! "ताई, डब्यात काय आणलंय आज?" माझीच भेंडी खायची आणि माझ्याच डोक्यावर मिरे वाटायचे.

तिथली लायब्रेरियन खदिजा व्हिडिओवर तिच्याशी अशी खिदळते की सख्ख्या बहिणी वाटाव्यात. मी मध्ये डोकावले तर मला विचारते, "आपण कोण?" मी कोण! चौदा वर्षं!

२८ सप्टेंबर, रविवार

तेजस्वी लेखकांची यादी घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "ताई, एकदा नजर टाका ना. नावांच्या बाबतीत तुमचा हात कुणी धरणार नाही."

पहिल्याच पानावर दिसलं. तादेसे, अल्माझ. पुढची सगळी नावंही तशीच – उलटी! इथिओपियात आडनाव नसतंच. अल्माझ हे त्या बाईचं नाव, तादेसे तिच्या बापाचं. नोंद अल्माझखालीच करायची, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मशीनने दुसरं नाव म्हणजे आडनाव धरलं आणि नऊच्या नऊ हजार प्रबंध बापांच्या नावावर चढवले.

सांगायला दोन मिनिटं. दुरुस्तीला फार तर एक दिवस.

मी पानं चाळली. "छान आहे," म्हटलं.

"नीट बघितलंत ना?"

"बघितलं गं."

२९ सप्टेंबर

उद्या सांगेन.

५ ऑक्टोबर, रविवार

नाही सांगितलं. तिचं ती निस्तरेल. एवढी हुशार आहे ना!

८ ऑक्टोबर, बुधवार

आज उद्घाटन. आम्ही सगळे इथे मोठ्या स्क्रीनपुढे, तिकडे हॉल गच्च भरलेला. खदिजाने एका प्राध्यापिकेला पुढे बोलावलं – त्यांच्या विभागात डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई, अल्माझ. म्हणाली, "तुमचा प्रबंध तुम्हीच शोधून दाखवा."

बाईंनी फोनवर ए उघडलं. खाली गेल्या, वर आल्या, परत खाली. अल्माझ नाहीच. हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं.  खोटं कशाला लिहू, मला गुदगुल्या झाल्या.

शेवटी एका विद्यार्थिनीला तो टी खाली सापडला. अल्माझबाई माईकपाशी आल्या. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "बापाने मला शाळेत जाऊ दिलं नव्हतं. आई मला घेऊन मामाकडे पळाली, म्हणून शिकले. आता प्रबंध बापाचा झाला."

गुदगुल्या थांबल्या. तेजस्वीकडे बघायचं धाडस झालं नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी सातला येऊन बसली होती. दुपारी तीनपर्यंत नऊ हजार नावं सरळ केली. जेवली नाही. मला एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते मी? देव जाणे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तेजस्वीला प्रोबेशनवरच घरी पाठवताहेत. खलास! व्हिसा कॅन्सल, महिनाअखेर परत पुण्याला. काम माझ्याकडे आलं. इथिओपियाला जाणारी ती एक जण आता मी.

गुरुप्रसाद सीफच्या मॉलमधून येताना केक घेऊन आला. राजसने बारावीच्या पुस्तकातून मान वर केली – "आई, सो प्राउड ऑफ यू!" हवं होतं ते सगळं मिळालं की. मग दिवाळीच्या चकल्या तळायला घेतल्या आणि तीन घाणे करपवले. नवरा म्हणतो, लक्ष कुठंय तुझं?

१९ ऑक्टोबर, रविवार

झोहरा मॅडमनी कामाची फाइल दिली. आत तेजस्वीचा खुलासा. यादी कुणाकडून तपासून घेतली होती का, या प्रश्नापुढे तिने लिहिलंय, "नाही. कुणालाच दाखवली नाही. चूक माझी एकटीची."

ती ड्रॉवर रिकामा करत होती. कागद तिच्यापुढे धरला. "का गं असं लिहिलंस?"

"तुमच्या नजरेतून सुटलं असेल, ताई. होतं असं. राजसचं बारावीचं वर्ष, तुमचा व्हिसा कशाला गोत्यात आणायचा?"

"सुटलं नव्हतं," मी म्हटलं. आधी तिला. मग केबिनमध्ये जाऊन मॅडमना.