ओवीचे मटार

बुधवार, संध्याकाळ

"खेळायला बालवाडी कशाला? चाळीत खेळतेच की," असं ओवीची आई गेल्या आठवड्यात म्हणाली. मी चिडून पालकांच्या ग्रुपवर 'सर्वांगीण विकास' वगैरे लांबलचक लिहिलं. एकच अंगठा आला, तोही आमच्या मदतनीस मावशींचा! वाटच लागली.

आज फक्त ओवीचा व्हिडिओ टाकला. वर्गात तिचे इवलेसे हात मटार सोलतायत, दाणे मोजून शेजारी बसलेल्या मुलीला देतायत. खाली एक ओळ: 'हा आमचा गणिताचा तास.' मी इतकी वर्षं पालकांशी बोलत होते, की नुसतं भाषण ठोकत होते?

आत्ता तिच्या आईचा मेसेज आला: "ताई, मटार आणलेत. मला हात लावू देत नाही. म्हणते, थांब, आधी तुला शिकवते."